गोनीदा : पायांनी देश वाचणारा लेखक

गोपाळ नीलकंठ दांडेकर हे नाव घेतले की मराठी वाचकांपैकी कुणाला 'शितू' आठवते, कुणाला 'पडघवली', तर कुणाला 'जैत रे जैत'. मला मात्र आधी आठवतात ते त्यांचे पाय. त्यांनी जे लिहिले, त्यातला फार मोठा भाग आधी पायांनी चालून मिळवला आणि मग कागदावर उतरवला. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांची ओळख होते ती पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यावरून. म्हणून त्यांच्या चालण्याची ही थोडी हकीकत.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याला झाला. शाळेशी त्यांचा संबंध इयत्ता सातवीपर्यंतच. वयाच्या तेराव्या वर्षी, महात्मा गांधींच्या हाकेने साऱ्या देशातील तरुण भारावून गेले असताना, या मुलाने घर सोडले. जवळ पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. ज्याच्या लेखनावर पुढे प्राध्यापकांनी व्याख्याने दिली, त्याचे सारे शिक्षण अशा रीतीने रस्त्यावर सुरू झाले, ही गोष्ट महाविद्यालयात शिकणाऱ्या आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडणारा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडणारा हा संतही अमरावती जिल्ह्याचाच. काही वर्षे गोनीदांनी महाराजांचा संदेश गावोगाव पोहोचवला. कुठे धर्मशाळेत पथारी, कुठे पारावर. जे मिळेल ते खायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायची. खेड्यातला माणूस कसा बोलतो, दुःख कसे गिळतो, पाहुण्याला आपल्या भाकरीतला अर्धा चतकोर कसा देतो, हे त्यांना तेव्हा कळले असले पाहिजे. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसे इतकी खरी बोलतात, ती उगाच नव्हे.

मधल्या काळात त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला आणि ऐन तारुण्यात नर्मदेची परिक्रमा केली. नर्मदा अमरकंटकाला उगम पावते आणि सुमारे १,३१२ किलोमीटर वाहत भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. परिक्रमावासीने तिला सतत उजव्या हाताला ठेवून एका तीराने जायचे आणि दुसऱ्या तीराने परतायचे. पात्र मध्येच ओलांडायचे नाही. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट, तीही भिक्षेवर. वाटेत शूलपाणीची झाडी लागते. तिथे अंगावरच्या वस्त्रापर्यंत सारे लुटले जाते, असे परिक्रमावासी परंपरेने सांगत आले आहेत. या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे पुस्तक आले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ते प्रथम हाती घेतले तेव्हा तीर्थयात्रेचे वर्णन वाचायला मिळेल असे वाटले होते. वाचायला मिळाली ती नदीकाठची माणसे.

१९४७ च्या सुमारास गोनीदा तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले आणि पूर्णवेळ लेखन करू लागले. स्थिरावले ते घरापुरते. पाय चालूच राहिले. 'माचीवरला बुधा' राजमाचीच्या रानात वाढला, 'पवनाकाठचा धोंडी' तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी. कोकणातली ओस पडत चाललेली गावे 'पडघवली'त अंबुवहिनीच्या तोंडून बोलली. ठाकरांच्या डोंगरात ते हिंडले म्हणून 'जैत रे जैत'मधला नाग्या आणि मधमाश्यांनी भरलेला तो डोंगर आपल्याला दिसला. या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला.

किल्ल्यांवर तर त्यांचा जीव होता, आणि त्यातही राजगडावर अधिक. अनेक तरुणांना त्यांनी गडाची वाट दाखवली. गड चढणे हा त्यांच्या लेखी व्यायाम किंवा करमणूक नव्हती. दगड, टाके, बुरूज नीट पाहायचे आणि गडाखाली राहणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलायचे, असा तो अभ्यास होता. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १ जून १९९८ रोजी ते गेले.

आता जे सांगायचे आहे ते यापुढचे. गोनीदा ज्या वाटांनी चालले त्यांतल्या कितीतरी आज पाण्याखाली आहेत. पवनेवर धरण झाले आणि तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची जमीन जलाशयात गेली. नर्मदेवर सरदार सरोवर झाले आणि काठाची जुनी परिक्रमावाट बुडाली. आजच्या परिक्रमावासीला त्या भागात लांबचा वळसा घ्यावा लागतो. धरणांचे पाणी अनेकांच्या शेतात आणि घरात पोहोचले, हेही खरे. पण पाणी चढण्यापूर्वी कुणीतरी तिथून पायी गेले होते, म्हणूनच तो मुलूख निदान पुस्तकात तरी उरला.

हे मी वसईत बसून लिहीत आहे, म्हणून मला ते अधिक टोचते. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे रान, एवढा आपला मुलूख. त्या रानाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. खालच्या सपाटीला मात्र असे कोणते कुंपण नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण किल्ल्यापासून रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर असे करीत किनाऱ्याकिनाऱ्याने अर्नाळ्याला गेलो. एक दिवस पुरला. सुरूच्या बनात बसून भाकरी खाल्ली, वाळत घातलेल्या मासळीपाशी थांबून कोळणींशी बोललो. आमच्यातले दोघे जन्मापासून वसईकर. पण निम्मी गावे त्यांनी प्रथमच पाहिली. माझी आजी लग्नाआधी निर्मळच्या यात्रेला बांधाबांधाने पायी जायची आणि येताना सुकेळी घेऊन यायची. तिने सांगितलेली ती वाट मी शोधायला गेले तेव्हा तीन ठिकाणी इमारतींची कुंपणे आडवी आली. चौथ्या ठिकाणी बांध होता, बावखल होते, आणि वाट विचारायला एक आजोबाही होते.

विरारची लोकल पकडणारे आपण सारे दिवसाकाठी मैलोन् मैल जातो, पण त्यांतले चालतो किती? गोनीदांएवढे चालणे आपल्याला जमणार नाही आणि त्यांच्यासारखे लिहिणे तर नाहीच नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत वैतरणेच्या काठाने दोन दिवस चालणे, तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या वारली पाड्यांवर थांबून रानातल्या झाडांची नावे विचारून घेणे, आजीच्या वाटा वहीत उतरवणे, एवढे तर आपल्या हातचे आहे. मराठी विभागाने आणि निसर्ग मंडळाने मिळून अशी एक पदयात्रा दरवर्षी काढावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. वाट सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर निघायला हवे.