वेगवेडा बर्ट मन्रो

होस्टेलवर रात्री बाईकचा विषय निघाला की गाडी हायाबुसावरच येऊन थांबते. 1999 ला आली, 1300 सीसी, ताशी 300 किमीच्या पुढे. मस्तच आहे, वाद नाही. पण तिच्या 32 वर्षं आधी 68 वर्षांच्या एका आजोबांनी 1920 सालच्या गाडीवर जवळजवळ तेवढाच स्पीड काढला होता. ते म्हणजे बर्ट मन्रो.

जन्म 1899, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलजवळ. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. मोटरसायकली विकायच्या, रिपेअर करायच्या, हाच धंदा. 1920 मध्ये त्यांनी 'इंडियन स्काउट' घेतली. (नावावर जाऊ नका, कंपनी अमेरिकन!) 600 सीसी, व्ही-ट्विन इंजिन, टॉप स्पीड ताशी जेमतेम 88 किमी. म्हणजे आपली स्प्लेंडर दारव्हा रोडवर पळते तेवढाच.

आता थोडं गणित. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पॉवर घनाने लागते. 88 चे 296 करायचे तर वेग 3.36 पट, पण पॉवर सुमारे 38 पट! मन्रोंनी दोन्ही बाजूंनी काम केलं. इंजिन वाढवत वाढवत 950 सीसीपर्यंत नेलं. बाजूचे व्हॉल्व्ह काढून वर हेडमध्ये बसवले, म्हणजे मिक्स्चरला आत जायला सरळ वाट मिळाली. आणि हवा कापायला गाडीवर माशासारखं कवच चढवलं.

पैसा नव्हताच. पिस्टन घरीच ओतायचे, साचा म्हणून जुने डबे. सिलिंडर, फ्लायव्हील पण घरचेच. मायक्रोमीटर म्हणजे चाकाचा जुना स्पोक! आपल्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर असूनही जॉब रिजेक्ट होतो, तेव्हा हे नक्की आठवा. यात त्यांची चाळीसच्या वर वर्षं गेली. एवढ्या स्पीडला जुनी गाडी डगमगली तर काय होतं, हेही त्यांना पडून पडून चांगलं माहीत होतं. तरी थांबले नाहीत.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं सपाट मैदान आहे. तिथे 1962 मध्ये त्यांनी 883 सीसी गटात ताशी 288 किमीचा रेकॉर्ड केला. मग 1967 मध्ये 1000 सीसीखालच्या गटात 295.45. वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून तिथे जाता-येताच्या दोन धावांची सरासरी धरतात. गंमत म्हणजे ही साधी सरासरी काढतानाच तेव्हा चूक झाली होती! ती पुढे मन्रोंच्या मुलाच्या लक्षात आली आणि 2014 मध्ये रेकॉर्ड दुरुस्त होऊन 296.26 झाला. मन्रो 1978 मध्येच गेले होते.