डॉ. बॅरेट यांची दुरुस्ती

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'बॅरेट्स इसोफॅगस' हे शब्द दिसले, की रुग्ण घाबरतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाची पूर्वसूचना देऊ शकणाऱ्या या विकाराला ज्या सर्जनचे नाव मिळाले, त्यांनी सुरुवातीला त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

नॉर्मन रूपर्ट बॅरेट यांचा जन्म १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये, ईटन आणि केंब्रिज येथे झाले. पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते सर्जन झाले. १९३५ च्या सुमारास रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले असताना छातीच्या शस्त्रक्रियेकडे त्यांचा ओढा वळला. जोरदार उलटीमुळे अन्ननलिका फाटली, तर रुग्ण दगावणार हे तेव्हा ठरलेलेच असे. १७२४ मध्ये हॉलंडच्या बूरहाव यांनी या विकाराचे वर्णन केले होते. १९४७ मध्ये बॅरेट यांनी फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्णाला वाचवले. अशी शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

१९५० मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. अन्ननलिकेचे अस्तर त्वचेसारख्या चपट्या पेशींचे असते, तर जठराचे उभ्या, खांबासारख्या पेशींचे. काही रुग्णांच्या छातीत, अन्ननलिकेच्या जागी, अशा उभ्या पेशींचे अस्तर आणि त्यात व्रण आढळत होते. बॅरेट यांनी निष्कर्ष काढला, की ही अन्ननलिका नाहीच. जन्मतः आखूड अन्ननलिकेमुळे छातीत ओढला गेलेला हा जठराचा भाग आहे.

१९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉन्स्टन यांनी हे मत खोडून काढले. त्या नळीच्या बाहेरच्या आवरणावरून आणि आतल्या ग्रंथींवरून ती अन्ननलिकाच असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तरीही तिथल्या व्रणाला त्यांनी बॅरेट यांचेच नाव दिले. १९५७ मध्ये बॅरेट यांनी नवा निबंध लिहून आपले मत बदलले. नामवंत सर्जन आणि 'थोरॅक्स' नियतकालिकाच्या संपादकांपैकी एक असूनही त्यांनी जुन्या मताचा हट्ट धरला नाही. मात्र हा बदल जन्मजात असावा, असेच त्यांना तेव्हाही वाटत होते.

पुढे स्पष्ट झाले, की जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्याने अन्ननलिकेचे अस्तर बदलते आणि अशा थोड्या रुग्णांत त्यातून कर्करोग होतो. बॅरेट १९७९ मध्ये निवर्तले.

त्यांच्या नावाचा हा विकार आता एंडोस्कोपीशिवायही हुडकता येतो. दोरा बांधलेली कॅप्सूल रुग्ण गिळतो. ती जठरात विरघळली, की आतला स्पंज फुलतो आणि वर ओढताना अन्ननलिकेच्या पेशी सोबत आणतो. त्या पेशींत 'टीएफएफ३' हे प्रथिन सापडले, तर अस्तर बदलल्याचा संशय बळावतो. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. संशय आला, तर एंडोस्कोपी करून खात्री केली जाते. ॲसिडिटीची औषधे घेणाऱ्या १३ हजारांहून अधिक लोकांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ही तपासणी देऊ केलेल्या गटात बॅरेट विकाराचे १४० रुग्ण सापडले, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात फक्त १३.

भारतात मात्र अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा चपट्या पेशींचा असतो. तंबाखू आणि दारूशी त्याचा जवळचा संबंध आहे. त्याच्यासाठी 'टीएफएफ३' ची खूण उपयोगी नाही. बॅरेट विकार असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, त्यामुळे रिपोर्ट पाहून खचून जाऊ नये. पण डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवू नये. वर्षानुवर्षे छातीत जळजळ होत असेल, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस काढू नयेत. घास अडकू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.