विश्लेषण : जग भ्रम की चैतन्याचा विलास? ज्ञानेश्वरांचे उत्तर काय होते?

ब्रह्म तेवढे खरे, जग मायेमुळे भासणारे. शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्ताचा हा ढोबळ अर्थ अनेकांना ठाऊक असतो. संत ज्ञानेश्वरही अद्वैतीच. मग त्यांची वाट वेगळी कुठे होते?

संन्यासाची किंमत

वडील विठ्ठलपंत पैठणजवळच्या आपेगावचे, सासुरवाडी आळंदीची. परंपरा सांगते, की त्यांनी काशीत संन्यास घेतला. मागे पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना संसारात परत पाठवले. संन्यासातून परतणे शास्त्राला अमान्य, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने कुटुंब वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चौघे ‘संन्याशाची पोरे’ ठरली. मुलांची मुंज व्हावी म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. मुंज तरीही झाली नाही.

जग सोडण्याचा एक निर्णय आणि त्याचे भोग चार पोरक्या मुलांच्या वाट्याला!

मग ग्रंथांत काय आले?

थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच ज्ञानदेवांचे गुरू. त्यांना नाथपंथाची दीक्षा गहिनीनाथांकडून मिळालेली. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या, त्याही मराठीत. तीत मायेची भाषा बऱ्याच ठिकाणी येते.

खरा वेगळेपणा दिसतो तो ‘अमृतानुभवा’त. हा कोणावरची टीका नव्हे, स्वतंत्र ग्रंथ. ओव्या सुमारे 800. त्याचे सातवे प्रकरण सर्वांत मोठे आणि विषय अज्ञानाचे खंडन. प्रश्न साधा : सगळे जर ज्ञानस्वरूपच असेल, तर अज्ञान नावाची दुसरी वस्तू राहणार कुठे? आणि अज्ञान नसेल, तर जग त्याच्यामुळे भासते असे कसे म्हणायचे? त्यांच्या मते जग हे एकाच चैतन्याचे स्फुरण. पाण्यावर लाट उठते, म्हणून ती पाण्याहून वेगळी होत नाही आणि खोटीही ठरत नाही. अभ्यासक याला ‘चिद्विलास’ म्हणतात. शिव-शक्तीच्या ऐक्याची नाथपंथी धारणा त्यामागे आहे.

अर्थात, वडिलांच्या संन्यासामुळेच हा विचार सुचला, असे म्हणायला आधार नाही. पण जग टाकून देण्याची गरज या मांडणीत उरत नाही, हे खरे.

1296 मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, रूढ समजुतीप्रमाणे वयाच्या 21व्या वर्षी त्यांनी संजीवन समाधी घेतली. तीही आळंदीतच.