पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

मुंबईतील खेतवाडी ही त्या काळी आजच्याइतकी गजबजलेली नव्हती. तेथे आपल्या मामांच्या घरी राहणारा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपीत असे. चिमण्या मारणे हा त्या वेळी मुलांचा एक खेळच समजला जाई. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे स्वतः शिकारी होते. परंतु त्यांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मुलगा भीतभीतच तेथे गेला. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या शेकडो पक्ष्यांचा संग्रह त्याला दाखविला. तो पाहून मुलगा थक्क झाला. पक्ष्याची कातडी कशी सोडवावी व ती कशी टिकवावी, हेही तो पुढे त्याच संस्थेत शिकला.

हा मुलगा म्हणजेच सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले व तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. मामा-मामींनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत ते काही हुशार म्हणून गणले जात नव्हते. डोकेदुखीमुळे त्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात पहिलेच वर्ष इतके जड गेले, की ते सोडून ब्रह्मदेशातील कुटुंबाच्या व्यवसायात ते दाखल झाले. तेथील दाट अरण्यांत धंद्याकडे कमी आणि पक्ष्यांकडे अधिक लक्ष गेले, यात नवल नाही.

१९१७ साली ते मुंबईस परतले. सकाळी दावर यांच्या महाविद्यालयात हिशेब व व्यापारी कायदा शिकावा आणि तेथून उठून सेंट झेवियरमध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसावे, असा क्रम त्यांनी धरला. फादर ब्लॅटर या विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञांनीच त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले होते. तो अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला, पण विद्यापीठाची पदवी मात्र हाती नव्हती. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा ही उणीव आड आली. ज्याला पक्ष्यांवाचून दुसरे काही सुचत नव्हते, त्याला पक्ष्यांचे काम मिळेना! १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. येणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथील प्राण्यांची माहिती सांगणे, हे त्यांचे काम होते.

तेवढ्या ज्ञानावर त्यांचे समाधान होईना. रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान हे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनी या परदेशी विद्यार्थ्याला मोकळ्या मनाने जवळ केले. पक्षी केवळ गोळा करून त्यांना नावे देणे म्हणजे शास्त्र नव्हे. तो जगतो कसा, घरटे कोठे बांधतो, खातो काय, स्थलांतर केव्हा करतो, हे जिवंत पक्ष्याकडे पाहून शोधावे लागते, ही दृष्टी त्यांना येथे लाभली. श्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानीत.

१९३० साली ते परतले, तेव्हा पैशांच्या अभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. तेथे एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास ती न्याहाळीत बसत. त्यातून एक गंमतीची गोष्ट उघड झाली. या पक्ष्याला मराठीत नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो तो नर! अर्धे घरटे विणून झाले की मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले तरच ती त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेतो. हे निरीक्षण १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि जाणकारांचे लक्ष या बेकार माणसाकडे वेधले गेले.

पुढचा मार्ग त्यांनी स्वतःच काढला. संस्थानिकांनी प्रवासाचा खर्च तेवढा द्यावा, आपण वेतन न घेता त्यांच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पहिली मोठी पाहणी झाली ती १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानात. कयाधू आणि पैनगंगेच्या काठचा आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी याच संस्थानात मोडत होता. सुमारे ८२,००० चौरस मैलांच्या या विस्तीर्ण राज्यात कोणते पक्षी नांदतात आणि हिवाळ्यात कोणते पाहुणे येतात, याची पद्धतशीर नोंद तोवर झालेली नव्हती. राहुट्या ठोकाव्यात, पहाटे रान तुडवावे, नमुने मिळवावेत, त्यांची कातडी साफ करून तारीख, ठिकाण व मापे लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधाव्यात, असे ते कष्टाचे काम होते. नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागत. संरक्षणाच्या शास्त्राचा आरंभ बंदुकीने व्हावा, हे आज विचित्र वाटते. पण दुर्बिणीतून पाहून अचूक ओळख पटण्याइतके ज्ञान तेव्हा जमलेलेच नव्हते. तेहमिना या सुखवस्तू घरातल्या. तरी तंबूतला संसार त्यांनी आनंदाने केला. १९३९ साली त्यांचे निधन झाले, त्याचा सलीम अलींना मोठा आघात बसला.

या भटकंतीतूनच त्यांचे ग्रंथ आकाराला आले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक १९४१ साली निघाले. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९७४ साली पूर्ण झाला. ज्याच्यापाशी पदवी नव्हती, त्याला अलीगढ विद्यापीठाने १९५८ साली सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पक्ष्यांवर संशोधन करणारे विद्यापीठाचे विद्यार्थी आता त्यांच्या हाताखाली शिकू लागले. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी विषय निवडला तो सुगरण पक्ष्याचाच.

राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ वाचविण्यासाठीही सलीम अली झटले. तेथील पाणी काढून टाकून शेती करावी, अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरांना तेथे चरण्यास बंदी झाली. सलीम अलींचाही या बंदीला पाठिंबा होता. परंतु म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले आणि कित्येक पाणपक्ष्यांना मोकळे पाणी मिळेना. ही गोष्ट वर्षानुवर्षे मोजमाप करून दाखवून दिली, ती सलीम अलींच्याच संस्थेतील संशोधकांनी. तो अभ्यास पुरा होण्यापूर्वीच, १९८७ साली, सलीम अली यांचे मुंबईत निधन झाले होते.