क्लास नाही, गाईड नाही, तरी डॉक्टर झाल्या आनंदीबाई

हर्णे (ता. दापोली) : मुलीने बारावी सायन्स घेतले की घरात पहिला प्रश्न पडतो क्लासचा. क्लास शहरात आणि फी लाखात. तरी आज नीटचा पेपर मराठीत देता येतो, १८० प्रश्न आणि ७२० गुण हे आधीच माहीत असते. एनसीईआरटीची पुस्तके मोबाईलवर फुकट मिळतात, फक्त ती मराठीत नाहीत. रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. यातले काहीच नव्हते तेव्हा कल्याणची एक मुलगी डॉक्टर झाली.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचे हे त्यांनी पक्के ठरवलेले. बदली होईल तिथे अभ्यास, मग ते अलिबाग असो की कोल्हापूर, की पार कलकत्ता. अभ्यास चुकला तर मारही बसे, हेही सांगायलाच हवे. असल्या शिकवणीचे कौतुक कोणी करू नये.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. वेळेवर इलाज मिळाला नाही. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजत आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हायचे, हे आनंदीबाईंच्या मनाने तिथून घेतले.

पण वाट दाखवणार कोण? गोपाळरावांनी मदतीसाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. धर्म बदला, असा सल्ला आला, तो दोघांनी मानला नाही. ते पत्र मात्र तिकडच्या मासिकात छापून आले. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या कार्पेंटर बाईंनी ते वाचले आणि आनंदीबाईंना पत्रे सुरू केली. ओळख ना पाळख, आणि बाई थेट अमेरिकेहून औषधे पाठवायच्या! कारण तब्येत तेव्हाच बिघडलेली होती. डोके दुखायचे, ताप यायचा, दम लागायचा.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला अर्ज करताना त्यांनी काही लपवले नाही. प्रवेशाला लागणारे शिक्षण आपल्याकडे पुरेसे नसेल, पण देशातल्या बायकांचे हाल बघून आपण आलो आहोत, असे कळवले. कॉलेजने प्रवेश दिला, वर तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती. अर्ज खरा लिहावा तो असा.

तिथे थंडी भयंकर, अंगावर लुगडे, खाणे शाकाहारी. आजारपणे काढतच अभ्यास चालला. प्रबंध त्यांनी जुन्या हिंदू प्रसूतिशास्त्रावर लिहिला, म्हणजे घरचे संस्कृत परदेशात कामाला आले. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

पुस्तकांकडे जेवढे लक्ष दिले तेवढे अंगाकडे दिले नाही, नवऱ्याने तर नाहीच. क्षय झाला. वर्ष संपता संपता मुंबईला परत आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डची नेमणूक ठरलेली होती, पण एक दिवसही काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीसही पुरी नव्हती. रक्षा अमेरिकेत कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली. त्यांनी ती पुकीप्सी गावात आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली.