भंगारातून आकाशाकडे

आमच्या आजोबांनी शेतासाठी एक जुने ऑइल इंजिन घेतले होते. वरून रंग नवा, पण आत पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. ऐन उन्हाळ्यात ते बंद पडले आणि डोळ्यांदेखत ऊस वाळला. इगॉर सिकोर्स्की यांचे चरित्र वाचताना मला ते इंजिन आठवले.

सिकोर्स्की यांचा जन्म १८८९ साली कीव्ह येथे झाला. १९०९ मध्ये बहिणीने दिलेल्या पैशांवर ते पॅरिसला गेले आणि २५ अश्वशक्तीचे अंझानी इंजिन घेऊन परतले. त्यावर बांधलेले पहिले हेलिकॉप्टर उडालेच नाही. दुसऱ्याने स्वतःचे वजन उचलले, माणसाचे नाही.

रशियन क्रांतीनंतर १९१९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने अमेरिकेस पोहोचले. तेथे कोंबड्यांच्या एका फार्मवर भंगारातले सामान जमवून त्यांनी विमान बांधले. १९२४ मध्ये त्याच्या इंजिनांनी दम सोडला व विमान कोसळले. पुन्हा पैसे उभे करून त्यांनी युद्धातून उरलेली, अधिक शक्तीची लिबर्टी इंजिने बसवली आणि विमान उडाले.

अखेर १४ सप्टेंबर १९३९ रोजी ७५ अश्वशक्तीच्या पिस्टन इंजिनावर त्यांचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले. चालक ते स्वतःच होते. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजोबांनीही ते इंजिन भंगारात घातले नाही. खोलून, रिंगा बदलून पुढे कैक वर्षे चालवले. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले, तेव्हा आम्ही सारे हात जोडून वर पाहत होतो. ज्याला हात जोडायचे, त्याचे नाव मात्र मला कॉलेजात आल्यावर कळले.