गाडगेबाबांचे कीर्तन

कीर्तन ही महाराष्ट्राची फार जुनी कला आहे. कीर्तनकाराने उभे राहून निरूपण करावे आणि श्रोत्यांनी बसून ऐकावे, अशी तिची सर्वसाधारण रीत. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका कीर्तनकाराने ही रीत बदलून टाकली. त्यांच्या कीर्तनात श्रोत्यांनाही बोलावे लागे. ते कीर्तनकार म्हणजे संत गाडगेबाबा होत.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. वडील व्यसनापायी अकाली वारले. तेव्हा आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुरे येथे आली. मामाची गुरे राखण्यात व शेतात राबण्यात त्याचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याला पाहावयास मिळाले नाही.

पुढे डेबूजी संसारी झाला. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू व मटणाचे जेवण घालावे, असा त्या वेळी रिवाज होता. डेबूजीने सर्वांना गोड जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण व्यसनाने ज्याचे वडील हिरावून नेले होते, तो डेबूजी ढळला नाही. १९०५ साली त्याने लोकसेवेसाठी घरदार सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती मातीचे फुटके गाडगे, अशा वेषात तो गावोगाव हिंडू लागला. त्या गाडग्यावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरताच बाबा खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. लोक प्रथम नवलाने पाहत, मग संकोचत आणि हळूहळू आपणही झाडू हाती घेत. रात्री त्या स्वच्छ केलेल्या जागी कीर्तन उभे राही.

त्या काळी माणसे एका गावात राहत, तरी जातीजातींच्या भिंतींनी ती एकमेकांपासून दूर होती. बाबा या जमावाला प्रश्न विचारीत व उत्तरासाठी थांबत. ऋण काढून सण करणे शहाणपणाचे काय, देवाला मुक्या जनावराचा बळी हवा असतो काय, माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो काय, असे साधेच प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत टाकीत. आरंभी एखादा भीतभीत उत्तर देई. मग सारा समुदाय एका आवाजात बोले. शेजारी बसलेला माणूस कोण, कोठला, हे ठाऊक नसतानाही दोघांच्या मुखातून एकच उत्तर निघे. चारचौघांत स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर विसरणे सोपे नसते. बाबांच्या कीर्तनाचे बळ यातच होते.

पोट भरण्यासाठी नाना मुलखांतून माणसे मुंबईत येत असत. अशा या अनोळखी माणसांच्या शहरातही बाबांची कीर्तने होत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथील पोलीस ठाण्यात त्यांनी केलेले कीर्तन त्यांच्या अखेरच्या कीर्तनांपैकी एक होते. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असल्याने बाबांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र बाबा गाडग्यातच जेवले. त्यांनी कोणाला पाया पडू दिले नाही आणि कोणाला शिष्यही केले नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी त्यांची प्राणज्योत मालवली. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याला शाळा लाभली नाही, त्याचे नाव एका विद्यापीठाने धारण केले!

मुलांनो, विरारमधील मनवेलपाड्यासारख्या वस्त्यांत आज ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. एकाच जिन्यावरून रोज चढउतार करूनही पुष्कळांना एकमेकांची नावे ठाऊक नसतात. बाबांना अशा ठिकाणी पुष्कळ काम दिसले असते. त्यांनी प्रथम तो जिना झाडावयास घेतला असता, आणि मग सर्वांना खाली अंगणात बोलावून एक प्रश्न विचारला असता.